सही एकाची, कारखाना दुसऱ्याचा

मे महिना डोंबिवली एमआयडीसीला मानवत नाही. 26 मे 2016 रोजी प्रोबेस एंटरप्रायजेसमध्ये स्फोट झाला. बारा जण गेले, दीडशेहून जास्त जखमी झाले आणि लांबलांबच्या इमारतींच्या काचा खाली आल्या. मालकांच्या कुटुंबातली तरुण माणसेही त्यात गेली. आठ वर्षांनी, 23 मे 2024 च्या दुपारी, अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. पुन्हा दहाहून अधिक बळी. काहींची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. आधी सगळीकडे सांगितले गेले की बॉयलर फुटला, मग कळले की फुटला तो रिअ‍ॅक्टर. तीन आठवडे उलटत नाहीत तोच, 12 जूनला, इंडो अमाईन्सला आग लागली.

दर वेळी पुढचे सारे ठरलेले असते. मंत्री येतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते, कारखाने हलवण्याची घोषणा होते. दीडशेहून अधिक रासायनिक कारखाने पाताळगंगेला नेण्याची घोषणा तर अमुदानच्या दोन वर्षे आधीच झाली होती. वाहिन्यांवर रहिवासी बोलतात, कारखानदारांची संघटना बोलते, सगळ्या पक्षांचे पुढारी बोलतात. ज्याला आतले सगळे ठाऊक असते तो मात्र गप्प असतो. तो म्हणजे फॅक्टरी मॅनेजर. परवान्याच्या कागदावर त्याचे नाव असते, म्हणून त्याला बोलता येत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात हा माणूस शेकड्यांनी राहतो. आपल्याच जिन्यात राहतो. सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघतो, मुलाच्या दहावीच्या वर्षी क्लासची फी भरतो, गणपतीत आरतीला येतो. मराठीत कामगारावर कविता झाल्या, कारकुनावर कथा झाल्या. या माणसावर फारसे कोणी लिहिले नाही. तो मालकही नाही आणि कामगारही नाही, हे त्याचे एक कारण असावे. पण नेमक्या याच जागेत त्याचे सगळे दुखणे आहे.

कायद्यापासून सुरुवात करू, कारण त्याच्या आयुष्यावर सर्वांत जास्त सत्ता कायद्याचीच आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात, ज्याची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या सुरक्षा संहितेने घेतली, दोन माणसे जबाबदार धरली होती: भोगवटादार, म्हणजे ज्याच्या ताब्यात कारखाना आहे तो, आणि व्यवस्थापक. कलम 7 प्रमाणे कारखाना सुरू करण्याआधी सरकारला जी सूचना द्यावी लागे तीत मॅनेजरचे नाव लिहावे लागे, आणि मॅनेजर बदलला की तेही कळवावे लागे. कलम 92 सांगत होते की कायद्याचा भंग झाला तर भोगवटादार आणि मॅनेजर, दोघेही दोषी. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. भोपाळच्या वायुगळतीनंतर, 1987 मध्ये, धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले आणि त्यातली शिक्षा सात वर्षांपर्यंत गेली.

भोगवटादार कोण, यावर कंपन्यांनी बरीच वर्षे पळवाट काढली होती. संचालक मंडळ ठराव करून एखाद्या अधिकाऱ्यालाच भोगवटादार नेमत असे, म्हणजे मंडळ मोकळे. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात ही वाट बंद केली: कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे. निकाल न्याय्य होता. पण त्याच कायद्यात कलम 101 होते. आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती आणि गुन्हा आपल्या नकळत दुसऱ्याने केला, असे सिद्ध केले तर भोगवटादाराला सुटता येई. हीच तरतूद मॅनेजरलाही होती, पण त्याच्या खाली उरे कोण? शिफ्ट इनचार्ज, नाहीतर ऑपरेटर. म्हणून हे कलम प्रत्यक्षात जबाबदारी एकेक पायरी खाली ढकलत नेई.

भोपाळचा निकाल 7 जून 2010 ला लागला तेव्हा दोषी ठरलेल्या आठ जणांत कंपनीच्या वरिष्ठांबरोबर वर्क्स मॅनेजर होते, प्रॉडक्शन मॅनेजर होते, प्लांट सुपरिंटेंडंट होते आणि प्रॉडक्शन असिस्टंटही होते. शिक्षा दोन वर्षे. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा प्रमुख न्यायालयापुढे कधी आलाच नाही. हजारो माणसांच्या मृत्यूला ही शिक्षा अगदीच तोकडी होती, यात वाद नाही. तरी त्या यादीकडे एखाद्या प्लांटवाल्याच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट टोचते. सुरक्षेच्या यंत्रणेवर किती खर्च करायचा, काय बंद ठेवायचे, किती माणसे कमी करायची, हे वर ठरते. शिफ्टमध्ये हजर असणारा मात्र खालचा असतो.

डोंबिवलीतला कारखाना भोपाळएवढा नसतो. तीस, पन्नास, फार तर शंभर माणसे. दोन-चार रिअ‍ॅक्टर, एक सेंट्रिफ्यूज, एक ड्रायर, बॉयलर, चिलिंग प्लांट, मागे सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी. मॅनेजर बहुतेकदा बीएस्सी केमिस्ट्री किंवा केमिकल इंजिनिअर. कल्याणचे बिर्ला कॉलेज, डोंबिवलीचे पेंढरकर, क्वचित माटुंग्याची आयसीटी. तो प्रॉडक्शन पाहतो, मेंटेनन्स पाहतो, प्रदूषण मंडळाचे रिटर्न भरतो, कंत्राटदाराच्या माणसांची हजेरी तपासतो, आणि सेफ्टी ऑफिसरही तोच असतो. जुन्या कायद्यात स्वतंत्र सुरक्षा अधिकारी हजार कामगारांपासून सक्तीचा होता. धोकादायक कारखान्यांसाठी सरकारला तो वेगळा सक्तीचा करता येई. नव्या संहितेत ही मर्यादा पाचशेवर आणि धोकादायक प्रक्रियेसाठी अडीचशेवर आणली आहे. आकडा खाली आला, हे चांगलेच झाले. पण चाळीस माणसांत सेंद्रिय पेरॉक्साइड बनवणारा कारखाना या मर्यादेत बसतच नाही. धोका माणसांच्या संख्येवर मोजला जातो. तो रिअ‍ॅक्टरमधल्या मालावर मोजायला हवा.

तो माल काय करू शकतो, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मॅनेजरच्या झोपेचा सगळा हिशेब त्यात आहे. बऱ्याच अभिक्रियांतून उष्णता बाहेर पडते. ती काढून घ्यायला रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी किंवा ब्राइन फिरवतात आणि आतला माल अ‍ॅजिटेटरने ढवळत ठेवतात. कच्चा माल थेंबाथेंबाने, तासन्‌तास सोडायचा असतो. अ‍ॅजिटेटर थांबला, ब्राइनचा पंप अडला, किंवा उरकायच्या घाईत चार्जिंग भरभर झाले, तर आत उष्णता साठायला लागते. ढोबळ हिशेबाने तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता आणखी. एका टप्प्यानंतर माणसाच्या हातात काही राहत नाही. वाचवते ती फक्त दाब वाढताच वेळेवर फाटणारी रप्चर डिस्क आणि तिला जोडलेली पुरेशा व्यासाची लाइन. सेंद्रिय पेरॉक्साइडसारखे पदार्थ तर नुसत्या साठवणीतही ठरावीक तापमानाखाली ठेवावे लागतात. मे महिन्यात शेडच्या पत्र्याखाली काय होत असेल, याची कल्पना करा.

आता या साखळीतली कोणती कडी मॅनेजरच्या हातात आहे? चार्जिंगचा वेग, हो. परमिटवरची सही, हो. दुसरा चिलर घ्यायचा की नाही, नाही. रप्चर डिस्कची ऑर्डर या महिन्यात की पुढच्या, बहुधा नाही. डिझेल जनरेटर, म्हणजे डीजी सेट, किती केव्हीएचा, नाही. बॅच परवापर्यंत डिस्पॅच झालीच पाहिजे हे ग्राहकाला कोणी कबूल केले? त्याने नव्हे. हॅझॉपचा, म्हणजे प्रक्रियेतले धोके शोधण्याचा, अभ्यास बाहेरच्या सल्लागाराकडून करून घ्यायचा की जुनाच अहवाल तारीख बदलून लावायचा, हा निर्णय कॅबिनमध्ये नव्हे, वरच्या मजल्यावर होतो. सगळे मालक असे नसतात. या पट्ट्यात स्वतः केमिस्ट असलेले, शेडमध्ये उभे राहून बॅच काढणारे मालक आहेत आणि प्रोबेसमध्ये मालकांच्याच घरची माणसे गेली, हे विसरता येणार नाही. तरीही व्यवस्थेची मांडणी अशी आहे की पैशाचा अधिकार एका टेबलावर आणि सहीची जबाबदारी दुसऱ्या टेबलावर. माझ्या मते डोंबिवलीच्या प्रश्नाचे मूळ यात आहे. कारखाने पाताळगंगेला नेले तर स्फोट पाताळगंगेला होतील; ही दोन टेबले तिथेही तशीच राहतील.

मॅनेजरने बॅच थांबवली तर? थांबवणारे आहेत, आणि त्यांच्यामुळेच बहुतेक दिवस काही घडत नाही. न घडलेल्या स्फोटाची बातमी होत नाही एवढेच. पण थांबवल्याबद्दल नोकरी गेली तर त्याच्या मागे कायदा उभा नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारा वगळलेला होता. देखरेख करणाऱ्यांसाठी पगाराची मर्यादा होती: आधी महिना 1600 रुपये, 2010 पासून 10 हजार, आणि आता औद्योगिक संबंध संहितेत 18 हजार. आजच्या बाजारात शिफ्ट इनचार्जदेखील या रेषेच्या बाहेर पडतो. बाहेर पडला म्हणजे कामगार न्यायालय नाही, पुन्हा कामावर घेण्याचा आदेश नाही. उरते दिवाणी न्यायालय, आणि तिथेही खासगी नोकरी परत मिळत नाही, मिळाली तर भरपाई. न्यायालये हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात, हे खरे. केमिस्टला नुसते ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हटल्याने तो मॅनेजर होत नाही. पण ते सिद्ध करायला वर्षे जातात, आणि घराचा हप्ता दर महिन्याला येतो.

तासांचेही तेच. कामगाराला जादा तासांना दुप्पट दर आहे. देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवरच्या माणसांना कामाच्या तासांच्या तरतुदींतून नियमाने वगळता येते, आणि ते वगळले जातात. सकाळी सातची पहिली पाळी सुरू होताना तो असतो, तिनाची दुसरी लागताना असतो, आणि रात्री अकरानंतर फोनवर असतो. ‘सर, बॅच अडकली’ हे तीन शब्द या शहरांत रात्री दोन वाजता किती घरांत ऐकू येत असतील! घरच्यांनाही आता चेहऱ्यावरून कळते की फोन कसला होता. कारखान्यांतल्या कामगारांचे रोजचे तास नऊवरून बारापर्यंत वाढवण्याची मुभा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला, तेव्हा चर्चा कामगारांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण बारा तासांची पाळी म्हणजे थकलेला ऑपरेटर, आणि थकलेल्या ऑपरेटरच्या चुकीवर सही मॅनेजरची.

कंपनी बुडाली की ही मधली जागा किती पोकळ आहे ते दिसते. कल्याणजवळ आंबिवली-मोहोन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन, नोव्हेंबर 2009 मध्ये बंद पडली. हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे लटकली, कॉलनीतली घरे जीर्ण झाली, प्रकरण आजारी उद्योगांच्या बीआयएफआर या मंडळाकडून 2018 मध्ये कंपनी लवादाकडे गेले, जागा अदानी समूहाकडे गेली. कामगारांनी मोर्चे काढले, त्यांची कहाणी निदान थोडीफार छापून आली. स्टाफची फारशी नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचे कलम 53 वाचले तर मालमत्ता विकून आलेले पैसे कोणाला कोणत्या क्रमाने मिळतात ते कळते. कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची फक्त बारा महिन्यांची, आणि तीही त्यांच्या खालच्या पायरीवर. आयुष्यभर ज्याने बँकेच्या अधिकाऱ्यांना प्लांट फिरवून दाखवला तो रांगेत बँकेच्या मागे उभा राहतो.

एनआरसी हा एकच दाखला नाही. ठाण्यात 1925 पासूनची रेमंडची गिरणी होती. 2009 मध्ये तिथले उत्पादन थांबले आणि आता तिथे टॉवर आहेत. कोलशेत रस्त्यावर बायरचा कारखाना होता, सॅंडोझचा म्हणजे पुढे क्लॅरियंटचा होता. दोन्ही जागी गृहसंकुले. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो 309 जुळवली जात होती, 1997 मध्ये फ्रेंच कंपनी निघून गेली. वागळे इस्टेट, जिथून 1962 मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली, तिथल्या बऱ्याच शेड आज ऑफिसे आहेत. जमिनीचा भाव कारखान्याच्या नफ्यावर मात करून गेला. मोठा कारखाना गेला की फक्त नोकऱ्या जात नाहीत, शिडी जाते. बायर किंवा सॅंडोझमध्ये ट्रेनी म्हणून लागलेला मुलगा शिफ्ट इनचार्ज, प्लांट मॅनेजर, वर्क्स मॅनेजर असा वीस-पंचवीस वर्षांत चढत जाई, आणि प्रत्येक पायरीवर त्याला शिकवणारे कोणी असे. चाळीस माणसांच्या कारखान्यात पायऱ्या तीनच: केमिस्ट, प्रॉडक्शन मॅनेजर, फॅक्टरी मॅनेजर. चौथी पायरी घरातल्या माणसांसाठी राखलेली असते.

त्यात विस्तारही अडला. केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक वसाहतींचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात डोंबिवलीला 78.41 गुण मिळाले. चंद्रपूरनंतर राज्यात दुसरे स्थान, आणि शिक्का ‘अत्यंत प्रदूषित’. जानेवारी 2010 मध्ये केंद्राने अशा क्षेत्रांतल्या नव्या आणि विस्ताराच्या पर्यावरण मंजुरींवर स्थगिती आणली. ती योग्यच होती. डोंबिवलीतला 2014 चा हिरवा पाऊस आणि 2020 चा गुलाबी रस्ता पाहिलेल्या कोणालाही ते पटेल. पण विस्तार नाही म्हणजे नवा प्लांट नाही, नवा प्लांट नाही म्हणजे नवी जागा नाही. मालकांनी नवे पैसे गुजरातेत लावले, काहींनी महाडला.

त्यांच्या मागे मॅनेजर गेले. घर मात्र डोंबिवलीतच राहिले, कारण मुलांची शाळा इथे, आई-वडील इथे, कर्ज इथले. सोमवारी पहाटे बॅग घेऊन कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी पकडायची, तिथून वापी. आठवडाभर कंपनीच्या गेस्ट हाऊसवर किंवा तिघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटवर. शनिवारी रात्री परत. या कुटुंबांत मुलांचे अभ्यास, सासऱ्यांची औषधे, गॅस, सोसायटीची भांडणे, सगळे एकटी बाई ओढते, आणि ती स्वतः नोकरीही करत असते. हा खर्च कोणत्याही सीटीसीत मोजला जात नाही.

बायकांबद्दल आणखी एक. या पट्ट्यातल्या क्वालिटी कंट्रोल आणि आर अँड डी प्रयोगशाळांत मुली भरपूर आहेत, पण फॅक्टरी मॅनेजर बाई विरळा. कौशल्य कमी म्हणून असे झालेले नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम 66 ने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामावर ठेवण्यास मनाई केली होती. रात्रपाळी नाही म्हणजे शिफ्ट इनचार्जपद नाही, आणि शिफ्ट सांभाळल्याशिवाय कोणी प्लांट देत नाही. अलीकडच्या दुरुस्त्यांनी आणि नव्या संहितेने संमती आणि सुरक्षेच्या अटींवर ही मनाई उठवली आहे. आज लागलेली मुलगी दहा-पंधरा वर्षांत प्लांट हेड होऊ शकेल, जर रात्री अकराला तिला एमआयडीसीच्या फेज दोनमधून घरी पोचवणारी गाडी आणि उजेड असलेला रस्ता असेल तर.

वीज गेली की या शहरांत एकाच वेळी दोन माणसांचे फोन वाजतात. एक कारखान्यातला मॅनेजर, ज्याला अ‍ॅजिटेटरची काळजी असते. दुसरा महावितरणचा सहायक अभियंता. त्याच्याकडे एक शाखा कार्यालय, काही लाइनमन, काही बाह्यस्रोताचे कर्मचारी, तीन वर्षे मानधनावर राबणारे विद्युत सहायक, आणि हजारो ग्राहक. लोक त्याला मॅनेजर म्हणत नाहीत, पण काम तेच. त्याच्या वर उपकार्यकारी, कार्यकारी, अधीक्षक अभियंता अशी शिडी शाबूत आहे, पगार वेळेवर होतो, आणि खासगी कारखान्यातल्या मॅनेजरला त्याचा हेवा वाटतो. पण सकाळी त्याला थकबाकीची वसुली करायची असते, दुपारी ज्यांची वीज तोडली त्यांच्या शिव्या खायच्या असतात, आणि पहिल्या पावसाच्या रात्री झाड पडलेल्या फीडरवर माणूस चढवायचा असतो. लाइन खरेच बंद आहे ना, दुसऱ्या बाजूने कोणाच्या इन्व्हर्टरचा किंवा जनरेटरचा उलटा प्रवाह येत नाही ना, याची खात्री करून परमिट द्यायचे असते. चूक झाली तर लाइनमनचा जीव जातो. मग 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 161 नुसार विद्युत निरीक्षकाची चौकशी, आणि प्रश्न पहिला त्यालाच: परमिटवर सही कोणाची?

त्याच्या पायाखालची जमीनही हलते आहे. 2005 च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. 26 जानेवारी 2007 ला भिवंडीचे वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंटकडे गेले, 1 मार्च 2020 ला शीळ-मुंब्रा-कळवा. भांडुप, ठाणे, नवी मुंबईत समांतर परवाना मागणाऱ्या अदानींच्या अर्जाविरुद्ध 4 जानेवारी 2023 ला राज्यभरचे वीज कर्मचारी आणि अभियंते संपावर गेले आणि त्याच दिवशी मंत्र्यांच्या आश्वासनावर परतले. फ्रँचायझीमुळे वीजगळती कमी होते, असे तिच्या बाजूचे लोक म्हणतात, आणि वीजगळती हा खरा प्रश्न आहे. पण अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक हस्तांतरणाबरोबर त्याच्या बढतीच्या जागा आकसतात, आणि अनुभवी लाइनमनच्या जागी कंत्राटदाराचा नवा पोरगा येतो. त्याला परमिट द्यायचे धाडस अभियंत्यालाच करावे लागते.

पाणीपुरवठ्याचा माणूस तर या दोघांहूनही अदृश्य. बारवी धरणाचे पाणी जांभूळला शुद्ध होऊन एमआयडीसीला येते, उल्हास नदीचे मोहिली आणि बारावे इथून कल्याण-डोंबिवलीला. पंप विजेवर चालतात. म्हणजे महावितरणचा फीडर बंद झाला की पाणीवाल्याची पाळी सुरू होते, आणि नदीला पूर आला किंवा जलपर्णी जाळीला अडकली की वीज असूनही पंप थांबतो. 12 ऑक्टोबर 2020 ला पडघे आणि कळव्यामधल्या 400 केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल रुळांवर थांबल्या, त्याच्या बातम्या झाल्या. त्या दिवशी किती पंप हाऊसमध्ये, किती रिअ‍ॅक्टरांवर माणसे घाम पुसत उभी होती, त्याची झाली नाही.

मग या क्षेत्रात पुढे काही आहे का? आहे, आणि तरुणांना ते सांगितले पाहिजे. ऐरोली, महापे, रबाळे इथे डेटा सेंटर उभी राहत आहेत. तिथे चोवीस तास वीज आणि गारवा सांभाळणारी माणसे लागतात, आणि चिलर, डीजी, सबस्टेशन हाताळलेला डोंबिवलीचा युटिलिटी इंजिनिअर तिथे हसतखेळत बसतो. औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका, जी आपल्या तंत्रशिक्षण मंडळाचीही आहे, तिला मागणी वाढते आहे. प्रदूषण आणि पर्यावरणाचे काम जाणणारा केमिस्ट बेकार राहत नाही. पण प्लांट चालवण्याची हौस असलेला, हातात काहीतरी तयार होताना पाहायला आवडणारा मुलगा किंवा मुलगी कमी होत चालली आहे, आणि मला त्याची काळजी वाटते. आयसीटीतून बाहेर पडलेला हुशार केमिकल इंजिनिअर ठाण्यातल्या आयटी पार्कमध्ये कोड लिहितो, कारण तिथे चूक झाली तर कोणी मरत नाही आणि पोलीस येत नाहीत. मग रिअ‍ॅक्टरपाशी कोण उरणार?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. सुरक्षेच्या संहितेत कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडाचा किमान निम्मा भाग पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. वीज असलेल्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली, म्हणजे डोंबिवली-अंबरनाथचे काही छोटे गाळे ‘कारखाना’ या व्याख्येतूनच निसटतील. मॅनेजरची नोकरी मात्र या चारही संहितांनी सुरक्षित केली नाही. धोका दिसला म्हणून काम थांबवणाऱ्या व्यवस्थापकाला नोकरीचे संरक्षण द्या, सुरक्षेच्या खर्चाची त्याची लेखी मागणी संचालक मंडळासमोर ठेवणे सक्तीचे करा आणि ती नाकारली तर नाकारणाऱ्याची सही घ्या, ही मागणी कोणत्याही संघटनेच्या जाहीरनाम्यात मला दिसलेली नाही. कारखानदारांची संघटना आहे, कामगारांच्या आहेत, रहिवाशांच्या आहेत. या मधल्या माणसाची नाही.

ती होईल तेव्हा होईल. तोवर कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या पस्तिशीतल्या मुलाला किंवा मुलीला पुढच्या महिन्यात फॅक्टरी मॅनेजर म्हणून परवान्यावर नाव द्यायला सांगितले जाईल, त्यांनी सही करण्याआधी काही कागद मागावेत. शेवटचा हॅझॉप कधी झाला आणि त्यातल्या किती शिफारशी पूर्ण झाल्या. रप्चर डिस्क आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या तपासणीच्या तारखा. वीज गेल्यावर अ‍ॅजिटेटर आणि ब्राइन पंप किती सेकंदांत डीजीवर येतात, आणि हे प्रत्यक्ष चालवून कधी पाहिले. परवानगीत लिहिलेली उत्पादने आणि रिअ‍ॅक्टरमध्ये खरोखर निघणारी उत्पादने एकच आहेत का. कंत्राटी माणसांना प्रशिक्षण दिल्याची नोंद. वरिष्ठांना न विचारता किती रुपयांपर्यंत खरेदी करता येईल, आणि बॅच थांबवण्याचा अधिकार नेमणूकपत्रात लिहून मिळेल का. शेवटच्या दोन प्रश्नांना तोंडी होकार आला तर तो त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवावा, त्याची प्रत घरी ठेवावी, आणि ती कुठे ठेवली आहे ते घरच्यांना सांगून ठेवावे.